विहीणबाईंच्या आजीचा जन्म

विहीणबाईंच्या फुप्फुसांचा आजार आम्हाला कळला, त्याच आठवड्यात त्या माझ्याकडे एक फोटो घेऊन आल्या. फुप्फुसं हळूहळू घट्ट होत चालली आहेत, औषधानं वेग कमी होईल पण आजार मागे फिरणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झालेली. घरात कुणाला काही झालं की रिपोर्ट आधी माझ्याकडे येतो. त्यामुळे त्या आजाराबद्दलच बोलायला आल्या असतील असं मला वाटलं. मी चहा टाकला आणि काय बोलायचं ते मनात जुळवत राहिले. पण त्यांनी पर्समधून तो फोटो काढून डायनिंग टेबलावर ठेवला. थडग्याच्या दगडाचा फोटो होता. वर एका बाईचं नाव, खाली डाव्या बाजूला नुसतीच कोरी जागा, मग एक आडवी रेघ आणि रेघेपुढे मृत्यूचं साल.

"ही माझी आजी," त्या म्हणाल्या. "हिचा जन्म मला शोधून द्या. माझी जागा हिच्या शेजारी घेऊन ठेवलेली आहे. तिथं जाण्याआधी मला हा दगड पूर्ण करायचाय."

त्या माझ्या मुलीच्या सासूबाई. मुलीनं इथल्याच एका अमेरिकन मुलाशी लग्न केलं, तेव्हा माझे यजमान होते आणि आम्ही न्यू जर्सीत आयसेलिनजवळ राहत होतो. लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या नणंदेनं त्यांना सांगितलं, की मुलाच्या आईचं आणि मुलीच्या आईचं आपसात एक नातं असतं आणि आमच्याकडे त्याला शब्द आहे. त्यांना तो फार आवडला. इंग्रजीत असं काही नाहीच, म्हणाल्या. तेव्हापासून त्या मला 'विहीन' म्हणायला लागल्या. ण त्यांच्या जिभेला कधी जमलाच नाही. मी एकदा सांगून पाहिलं, की 'विहीन' म्हटलं तर अर्थ निराळा होतो, एखाद्या गोष्टीवाचून राहिलेला असा काहीतरी. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. "मग तेही खोटं नाही," असं म्हणून त्या हसल्या होत्या.

माझे यजमान गेल्यावर मुलीनं मला मिनेसोटात आणलं, ईडन प्रेरीला. तिच्या घरापासून जवळच माझं छोटं टाउनहाउस आहे. विहीणबाईंचं घर तिथून पलीकडच्या गावात. आमचं जाणंयेणं बेताचं होतं. थँक्सगिव्हिंगला त्या माझ्यासाठी आठवणीनं काहीतरी बिनमांसाचं करायच्या, दिवाळीत मी त्यांना चकल्या पाठवायचे. दोघी एकट्या अशा कधी बसलो नव्हतो.

"मीच का?" मी विचारलं. "तुमचा मुलगा एवढा कॉम्प्युटरमधला."

"तो तासभर शोधेल, मिळालं नाही की सोडून देईल. तुम्ही सोडणार नाही." मग थोडं थांबून, श्वास घेऊन म्हणाल्या, "आणि तुम्हाला ती कोणी लागत नाही. आमच्या घरातलं कुणी शोधायला बसलं की भांडणं होतात."

भांडणाची गोष्ट खरी होती. आजी गेली तेव्हा विहीणबाई शाळेत होत्या. दगडावर काय कोरायचं यावरून त्यांच्या दोन मामांचं दफनाच्या दिवशीच वाजलं. मोठा मामा एक साल सांगत होता, धाकटा त्याच्या तीन वर्षं पुढचं. शेवटी पाथरवटाला सांगितलं की डावी बाजू राहू दे, नक्की झालं की कळवू. नंतर कुणीच कळवलं नाही. मामा गेले, पाथरवटही गेला.

विहीणबाईंची आई बाळंतपणात गेलेली. त्यांना आजीनंच वाढवलं होतं. आजी लहान असतानाच आईबापांबरोबर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून इथं आली होती. तिकडे दुष्काळानं लोक हवालदिल झाले होते आणि अशी बरीच कुटुंबं मिनेसोटाच्या पश्चिमेला, उघड्या माळावर आणून वसवली होती. समुद्रकाठची, खडकाळ जमिनीतली माणसं ती. मासे धरायचे आणि थोडे बटाटे लावायचे, एवढंच त्यांना माहीत. त्यांच्या हातात एकदम नांगर दिला. पहिल्या हिवाळ्यात त्यांचे फार हाल झाले आणि आजूबाजूचे लोक उलट म्हणाले की ही माणसं आळशी आहेत. पुष्कळ जण शहराकडे, सेंट पॉलला रेल्वेच्या मजुरीवर निघून गेले. आजीचं घर मात्र तिथंच राहिलं.

"जन्म कधीचा विचारलं की काय म्हणायची?" मी विचारलं.

"बटाटे काढायच्या दिवसांतला. बस, एवढंच. आणि हसायची. मला कुणी लिहून ठेवलेलंच नाही, म्हणायची."

त्या शरद ऋतूत दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जायला लागले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी जमिनीवर त्यांचं ऑक्सिजनचं मशीन. ते सारखं सुस्कारे टाकल्यासारखा आवाज करायचं. सुरुवातीला मला त्याचा त्रास व्हायचा, मग त्या आवाजाशिवाय घर ओकंओकं वाटायला लागलं.

आजीच्या जन्माची नोंद नव्हती. तिच्या जन्माच्या वेळी आयर्लंडमध्ये जन्म नोंदवणं सक्तीचं झालं होतं, तरी लांबच्या खेड्यातल्या लोकांना नोंदणी कार्यालय म्हणजे एक दिवसाची पायपीट. जायला उशीर झाला तर दंड, म्हणून काही जण तारीखच पुढची सांगायचे, काही जण जायचेच नाहीत. त्यात ही माणसं बोलायची आयरिश आणि लिहून घेणारा इंग्रजीवाला. आडनाव ऐकू येईल तसं लिहिलेलं. अमेरिकेत आल्यावर त्याचं आणखी काही झालं. आम्ही ते आडनाव जमतील तेवढ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं. आयर्लंडच्या जन्मनोंदींत आजी कुठेच नव्हती. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहाव्यात तर कोणत्या गावच्या ते माहीत नाही. आजी गावाचं नाव घ्यायची, पण त्यांच्या कानात फक्त त्याचा नाद उरला होता. "बाल... बाली... असं काहीतरी," त्या म्हणायच्या. त्या किनाऱ्यावरच्या निम्म्या गावांची नावं तशीच सुरू होतात.

एका गुरुवारी त्या एकदम म्हणाल्या, "तुमच्याकडे तरी सगळे कागद असतील ना?"

"माझ्याकडे? माझा वाढदिवस एक जूनला येतो."

"मला माहीत आहे. दर वर्षी मी कार्ड पाठवते."

"तो माझा वाढदिवस नाही. शाळेत घालताना मास्तरांनी घातलेली तारीख आहे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणींचा वाढदिवस एक जूनच होता. ग्रीन कार्डाच्या वेळी सांगलीहून जन्माची नोंद नसल्याचा दाखला आणला, काकांनी आणि शेजाऱ्यांनी शपथेवर लिहून दिलं की ही जन्मली हे आम्हाला माहीत आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि खरा दिवस?"

"आई म्हणायची, आषाढात, अमावास्येच्या आसपास. साल धरून हिशेब केला तर निघेल. मी केला नाही."

"का?"

माझी आई गेल्यावर ते विचारायला कुणी राहिलंच नव्हतं आणि ती होती तेव्हा मला त्याची गरज वाटली नव्हती.

आजी मिळत नव्हती म्हणून मी तिच्या भावंडांच्या मागे लागले. हे शोधणारी मंडळी इंटरनेटवर एकमेकांना तेच सांगत असतात, की माणूस सापडत नसेल तर त्याच्या भावंडांकडे जा, शेजाऱ्यांकडे जा. आजीचा सगळ्यांत मोठा भाऊ मिनेसोटातल्या त्या माळावरच्या गावातच मेला होता. तिकडच्या जुन्या वर्तमानपत्रात त्याच्यावर चार ओळी आल्या होत्या. त्यात जन्म गॅलवे परगण्यातला एवढं होतं आणि पुढे लिहिलं होतं, की त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या गावाचं नाव दगडावर घातलं आहे.

"तो दगड मी लहानपणी पाहिला असणार," विहीणबाई म्हणाल्या. "कधी वाचला नाही."

ऑक्टोबरच्या मध्याला आम्ही दोघी तिकडे गेलो. मुलगी नको म्हणत होती. "आई, दॅट्स अ लाँग ड्राइव्ह. त्यांचा ऑक्सिजन संपला तर?" पण विहीणबाई कोट घालूनच बसल्या होत्या. गाडी मी चालवली. शेतं कापून झालेली, काळी जमीन पसरलेली, मधूनच धान्याचं उंच कोठार आणि त्याच्या पायथ्याशी चार घरांचं गाव. त्या फारसं बोलत नव्हत्या. एकदा म्हणाल्या, "लहान असताना मला वाटायचं, सगळं जग असंच सपाट असतं. आजी म्हणायची, हे काय जग आहे, लपायला एक दगड नाही."

दफनभूमी गावाबाहेर माळावर होती. वारा इतका, की गाडीचं दार मला दोन्ही हातांनी धरावं लागलं. आजीचा दगड त्यांनी लगेच दाखवला. फोटोतल्यापेक्षा तो लहान होता. त्यांनी त्या कोऱ्या जागेवर हातमोजा काढून हात ठेवला आणि मग शेजारच्या गवताकडे बोट करून म्हणाल्या, "मी इथं." जणू एखाद्या घरात कोणती खोली कुणाची ते सांगत होत्या.

भावाचा दगड मागच्या रांगेत, वाकलेला, शेवाळानं पिवळा पडलेला. मी बाटलीतलं पाणी ओतून रुमालानं पुसत गेले. अक्षरं एकेक करून वर आली. विहीणबाई ऑक्सिजनची पिशवी खांद्याला लावून वाऱ्यात उभ्या होत्या. त्यांचे ओठ निळसर झाले होते, पण गाडीत बसायला तयार नव्हत्या. मी नाव वाचलं. त्यांनी डोळे मिटले. "परत म्हणा," म्हणाल्या. मी परत म्हटलं, माझ्या सांगलीच्या उच्चारात. "तेच," त्या म्हणाल्या. "तेच म्हणायची ती." आणि तिथंच रडायला लागल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. रडण्यानं श्वास पुरेना, म्हणून मी त्यांना जवळजवळ ओढतच गाडीत नेलं.

गाव कळल्यावर पुढचं सोपं वाटलं. तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींचे फोटो ऑनलाइन होते. लॅटिनमधली नावं, शाई पसरलेली, कोपरे कुरतडलेले. लॅबमध्ये वर्षानुवर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचल्याचा तिथं उपयोग झाला. काही दिवसांनी मला ती दिसली. आजीचं नाव, तिच्या बापाचं, तिच्या आईचं. बाप्तिस्मा नोव्हेंबरच्या सुरुवातीचा, म्हणजे जन्म त्याच्या दोनचार दिवस आधीचा धरायला हरकत नव्हती. बटाटे काढायचे दिवस. साल मोठ्या मामानं सांगितलेलं, तेच.

मी फोन केला तेव्हा त्यांनी मला तारीख दोनदा वाचायला लावली. मागे मशीनचा आवाज ऐकू येत होता.

नोव्हेंबरमध्ये बाप्तिस्म्याच्या तारखेला त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. आजीचा वाढदिवस केला. मुलीनं केक आणला, जावयानं मेणबत्ती लावली. विहीणबाईंनी गावाकडच्या आताच्या पाथरवटाला फोन करून साल सांगितलं होतं. जमीन गोठायच्या आत येऊन कोरून जाईन, असं तो म्हणाला होता. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतला हिरवा स्वेटर घातला होता आणि नाकातली नळी जेवणापुरती काढून ठेवली होती. मी रागावले, तर म्हणाल्या, "आज नाही."

पण मला एक गोष्ट टोचत होती. अमेरिकेत उतरताना जहाजाच्या कागदावर आजीचं वय चार लिहिलं होतं. बाप्तिस्म्याप्रमाणे ती सातची असायला हवी होती. लहान मुलांचं भाडं कमी म्हणून लोक वय चोरायचे, असं मी स्वतःलाच समजावलं होतं. पण पुढच्या प्रत्येक जनगणनेत ती तीन वर्षांनी लहानच होती, म्हणजे धाकट्या मामाचं सालच सगळीकडे आलं होतं. सात वर्षांची पोर जहाजावर चारची म्हणून खपेल, पण पुढे जन्मभर कशाला?

मग मी, जे आधीच करायला हवं होतं, ते केलं. त्या गावातले मृत्यू बघितले. ती मिळाली. तेच नाव, तोच बाप. दीड वर्षाची मुलगी, डांग्या खोकल्यानं गेलेली. बाप मृत्यूच्या वेळी हजर होता आणि त्यानं सही म्हणून फुली केली होती. म्हणजे आम्ही जिचा वाढदिवस केला ती आजी नव्हतीच. ती आजीची बहीण होती. ती गेल्यावर पुढे जी मुलगी झाली तिला आईबापांनी तेच नाव ठेवलं. त्या काळी तिकडे असं करायचे. आणि या दुसरीच्या जन्माच्या सुमाराची चर्चची पानं शिल्लकच नव्हती. मधली वर्षं गळालेली. ओल लागली, हरवली, कुणालाच माहीत नाही.

मी मुलीला सांगितलं. ती भांडी मशीनमध्ये लावत होती.

"आई, कशाला सांगतेस त्यांना?" ती म्हणाली. "शी इज हॅपी. किती दिवस राहिलेत त्यांचे? लेट इट बी, ना."

"दगडावर चुकीचं साल कोरलं जाईल."

"कोण बघणार आहे?"

"त्या बघणार नाहीत. पण त्या ज्याच्यासाठी एवढं..." मुलीनं मशीन बंद केलं आणि म्हणाली, "मग तूच ठरव. मला विचारू नकोस." ती चिडली नव्हती, थकली होती. सासूबाईंना आंघोळ घालायला रोज तीच जात होती.

दुसऱ्या दिवशी मी गेले. विहीणबाई खुर्चीत बसल्या होत्या, पायांवर शाल. मी सगळं सरळ सांगितलं. नोंदीचा प्रिंट पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, परत वाचला.

"म्हणजे मी केक कुणासाठी कापला?"

"तिच्या मोठ्या बहिणीसाठी."

"आणि माझी आजी?"

"ती नंतरची. जनगणनेतलं वय कुणीतरी अंदाजानं सांगितलेलं, तिच्या जन्माची नोंद कुठेच नाही. मिळेल असं मला वाटत नाही."

त्यांनी प्रिंटची घडी घातली. बाहेर बर्फ पडायला लागला होता. मग त्या मी कधी न ऐकलेल्या आवाजात बोलल्या. "आजी म्हणायची, माझं नाव उतरलेलं आहे. मोठ्या बहिणीचा फ्रॉक धाकटीला येतो ना, तसं. मला वाटायचं, तिच्या कुणा मावशीचं नाव असेल. मी कधी विचारलं नाही. इतकी वर्षं तिच्या कुशीत झोपले आणि विचारलं नाही."

मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो शालीत घेतला. "आता तुम्ही जा," म्हणाल्या. "मला राग आलाय. तुमचा नाही, पण समोर तुम्ही आहात."

त्यांनी पाथरवटाला नको म्हणून कळवलं, ते मला जावयाकडून कळलं. पुढचे दोन गुरुवार त्यांनी मला बोलावलं नाही. मीही गेले नाही. घरात बसून मला वाटत राहायचं की मुलगी म्हणाली तेच खरं होतं. मरणाऱ्या बाईच्या हातातून मी एक तारीख काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिलं नाही. आजही मला नक्की सांगता येत नाही.

तिसऱ्या गुरुवारी त्यांचाच फोन आला. "विहीन, आला नाहीत?"

मी गेले तेव्हा पलंग हॉलमध्ये आणला होता आणि घरी येणारी नर्स औषधं लावत होती. त्या फार वाळल्या होत्या. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, तरी इतकी वर्षं मला त्यांचं बोलणं 'तुम्ही' असंच ऐकू यायचं. त्या दिवशी ते 'तू' असं ऐकू आलं.

"तू सांगितलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "दगड आहे तसा राहू दे. मी विचार केला. ती पहिली पोर, दीड वर्षाची, तिला तर दगडसुद्धा नसेल."

"नसेल."

"तिची आई दुसरीला हाक मारायची तेव्हा तिला काय वाटत असेल? रोज तेच नाव घ्यायचं."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांना झोप लागली असं वाटून मी उठले, तर म्हणाल्या, "बस ना जरा." मी अंधार पडेपर्यंत बसले.

जानेवारीत त्या गेल्या. चर्चमध्ये प्रार्थना झाली, लोक आले, गेले. आणि मग जावयानं सांगितलं की दफन आत्ता होणार नाही. त्या माळावरची जमीन फार खोलवर गोठलेली असते, छोट्या गावात हिवाळ्यात खणत नाहीत. वसंतापर्यंत शवपेटी तिकडच्या दफनगृहात ठेवतात.

हे मला माहीतच नव्हतं. माझे यजमान गेले तेव्हा इथल्या नियमांनी तीन दिवस लागले होते, तर ते तीन दिवसही मला सोसवले नव्हते. आमच्याकडे माणूस गेला की घाई असते. घाईनं का होईना, त्याचं काहीतरी पार पडतं. इथं त्या कुठेतरी एका थंड खोलीत होत्या आणि आम्ही ऑफिसला जात होतो, भाजी आणत होतो, बर्फ उपसत होतो. मुलगी एकदा भात कालवता कालवता थांबून म्हणाली, "आई, त्या अजून आहेतच असं वाटतं मला. नॉट इन अ गुड वे." मी तेव्हा देवाला दिवा लावत नव्हते. का लावत नाहीस असं मला कुणी विचारलं नाही आणि मलाही ते धड सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये आयर्लंडहून निरोप आला. विहीणबाईंनी आजारी पडल्यावर लाळेची तपासणी करून वंशाचे धागे जुळवणाऱ्या एका साइटवर नाव घातलं होतं, पत्ता माझ्या ईमेलचा. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा निरोप होता, की आपलं काहीतरी नातं लागतंय. मी फोन केला. आजीचा एक भाऊ मागे आजोळी राहिला होता, त्याचे ते नातू.

"तुम्ही त्या आजीच्या कोण?" त्यांनी विचारलं.

"तिच्या नातीची विहीण," मी म्हटलं आणि मग समजावत बसले. त्यांना ते उलगडलं नाही. शेवटी मी म्हटलं, "नातीची मैत्रीण. त्या जानेवारीत गेल्या."

"अरेरे," ते म्हणाले. "मी थोडं आधी लिहायला हवं होतं."

मी त्यांना आजीचा जन्म विचारला. त्यांनाही ठाऊक नव्हता. अमेरिकेत गेलेल्यांबद्दल त्यांच्या घरात कुणी बोलायचं नाही, म्हणाले. आजोबांना आईबाप टाकून गेले असंच वाटायचं. आजीचं तिकडचं घर अजून उभं आहे, पण छप्पर नाही, आत शेजाऱ्याची मेंढरं असतात. तिथं आता कुणीच राहत नाही. ते स्वतःही मुलाकडे शहरात राहतात. थोडा वेळ आम्ही हवामानाबद्दल बोललो आणि फोन ठेवला. मी जावयाला सांगितलं. त्यानं फक्त मान हलवली.

एप्रिल संपता संपता तिकडून कळवलं की जमीन मोकळी झाली. आम्ही सगळे गेलो. वारा तेव्हाही होता, माती काळी आणि चिकट, बुटांना लागून वर येत होती. पाद्री तरुण होते, नवीन आलेले. विहीणबाईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी जे म्हणायचं ते नीट म्हणाले. विहीणबाईंच्या दगडावर जन्म आणि मृत्यू दोन्ही होते, दिवसासकट. शेजारी आजीचा दगड होता तसा. जावई आईच्या पेटीवर माती टाकताना खाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही. मुलीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी दोन पावलं मागे उभी होते, कारण जवळ कुणी उभं राहायचं हे मला नक्की कळत नव्हतं.

नंतर चर्चच्या तळघरात गावातल्या बायकांनी जेवण ठेवलं होतं. हॅमची सँडविचेस, बटाट्याचं काहीतरी चीज घातलेलं, पातळ कॉफी. मी कॉफी घेतली आणि ब्रेडचा एक तुकडा. एक बाई माझ्याशी बोलायला आल्या, विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे कामाला होता का?" वाईट हेतूनं नाही विचारलं. मी म्हटलं, "नाही, आमच्या मुलांचं एकमेकांशी लग्न झालंय." त्या म्हणाल्या, "अच्छा, छान," आणि बटाट्याचा ट्रे उचलायला गेल्या.

परत येताना मुलीनं गाडी चालवली. जावई मागे डोळे मिटून होता, झोपला होता की नाही कुणास ठाऊक. बराच वेळ गेल्यावर मुलगी रस्त्यावरची नजर न काढता हळू आवाजात मराठीत म्हणाली, "आई, तुझं काय करायचं? म्हणजे... बाबांच्या अस्थी आपण सांगलीला नेल्या होत्या. तुलाही तिकडेच न्यायचं की इथं?"

हा प्रश्न ती कधीतरी विचारणार हे मला ठाऊक होतं. सांगलीला आता आमचं कुणी नाही. भावाचा मुलगा बंगळूरला असतो, घर विकलेलं. इथं ती आहे, पण तीही कुठं राहील पुढे कुणास ठाऊक.

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

"लवकर सांग," ती म्हणाली. मग तिचंच तिला ते वाईट वाटलं असावं. तिनं हीटर थोडा वाढवला आणि मला विचारलं की पाय गार पडलेत का. मी हो म्हटलं.